भाताला कोणतं पाणी?

कोलकात्यात आमच्या शेजारच्या काकीमा भात झाला की टोप सरळ ताटाशी नेत नाहीत. झाकण घट्ट दाबतात, दोन फडक्यांनी टोपाचे कान धरतात आणि मोरीत तिरका करतात. पांढरं दाट पाणी वाफेसकट निघून जातं, भात आत राहतो. बंगालीत याला ‘फॅन गाळणं’ म्हणतात. आपल्याकडे कोकणात भात वेळतात, तीच ही रीत. पुण्याहून आलेल्या, बोटाच्या पेराने कुकरमधलं पाणी मोजणाऱ्या मला ते पाणी फुकट जातंय असं वाटायचं. पुढे इथल्या भूजलातल्या आर्सेनिकाची माहिती घेत गेले, तेव्हा त्या तिरक्या टोपाकडे बघायची माझी नजर पार बदलली.

आर्सेनिक जमिनीतून निघून त्या टोपापर्यंत कसं येतं, तो सगळा रस्ता आपण पायरीपायरीने पाहू. दर पायरीवर एकच गोष्ट विचारायची: इथे कोणतं पाणी वापरलं?

आधी आर्सेनिकाची ओळख. जुन्या लोकांना माहीत असलेलं ‘सोमल’ हे विष या मूलद्रव्यापासूनच बनतं. वैद्यांच्या बटव्यातली मनशीळ आणि हरताळ ही त्याची गंधकाशी जोडलेली खनिजं. पोथीतली चुकलेली अक्षरं झाकायला पिवळा हरताळ लावत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग आला. हरताळ डोळ्यांना लगेच दिसतो. पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकाला मात्र रंग नाही, वास नाही, चव नाही. सगळी अडचण इथूनच सुरू होते.

मोजमापही एकदाच समजून घेऊ, म्हणजे पुढे अडायला होणार नाही. पाण्यातलं आर्सेनिक मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक आकड्याप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात ते १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, आणि भारतीय मानकातली स्वीकारार्ह मर्यादाही तेवढीच आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात हाच आकडा कधी ०.०१ मिलिग्रॅम असा लिहिलेला असतो, कधी १० पीपीबी असा. तिन्हींचा अर्थ एकच. अहवाल हातात आला की आधी एकक वाचायचं आणि मग आकडा. ‘०.०८ म्हणजे किती कमी!’ असं म्हणून सुटकेचा श्वास सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. मिलिग्रॅममधला ०.०८ हा आकडा मर्यादेच्या आठपट असतो.

आता जमिनीखाली जाऊ. गंगा आणि तिच्या उपनद्यांनी हजारो वर्षं हिमालयाकडून गाळ आणून बंगालची जमीन घडवली. त्या गाळातल्या वाळूच्या कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ थर असतो आणि आर्सेनिक त्या थराला चिकटून बसलेलं असतं. ते तसंच बसून राहिलं तर कोणालाही त्रास नाही. पण या गाळात कुजलेला पालापाचोळाही गाडला गेलेला आहे. तो खाणारे सूक्ष्मजीव तिथला प्राणवायू संपवतात, मग गंजाचा थर विरघळू लागतो आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. म्हणजे हे कोणा कारखान्याचं पाप नाही. जमिनीची घडणच तशी आहे.

कोलकात्यापुरता एक अपवाद सांगायला हवा. बेहाला भागात ‘पॅरिस ग्रीन’ नावाचं आर्सेनिकयुक्त कीटकनाशक बनवणाऱ्या एका कारखान्याच्या सांडपाण्याने आसपासच्या नळकूपांचं पाणी बिघडलं होतं आणि तिथली कुटुंबं आजारी पडली होती. जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९३ मध्ये त्यावर लिहिलं. बाकी मालदा, मुर्शिदाबाद, नदिया, उत्तर आणि दक्षिण चोवीस परगणा या पट्ट्यातलं आर्सेनिक गाळातूनच आलेलं आहे.

खोलीचाही फरक पडतो. साधारण २० ते १०० मीटरच्या थरातलं पाणी जास्त दूषित सापडतं. त्याखालच्या, दीडशे मीटरपलीकडच्या जुन्या वाळूतलं पाणी बहुतेक ठिकाणी बरं असतं. आणि हातपंप व शेतावरचे उथळ पंप नेमके वरच्या थरातूनच पाणी ओढतात. तळ्या-पुष्करिणींच्या पाण्याने हगवण आणि पटकी होई, लेकरं दगावत, म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव हातपंप बसवले गेले. हेतू चांगलाच होता आणि त्याने कितीतरी जीव वाचले. आर्सेनिक तपासायचं मात्र तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही.

इथे एक चूक फार होते. नळकूपाच्या तोटीखालचं सिमेंट तांबूस झालं की लोक म्हणतात, पाण्यात आर्सेनिक आहे. ते स्वच्छ राहिलं की म्हणतात, पाणी चांगलं आहे. तो तांबूस डाग लोहाचा असतो. लोह आणि आर्सेनिक पुष्कळदा बरोबर येतात, पण डागाचं पाणी निर्धोक आणि बिनडागाचं घातक असंही होतं. शेजारी-शेजारी असलेल्या दोन नळकूपांचे आकडेही जमीन-अस्मानाएवढे वेगळे निघतात. तपासल्याशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

पहिले रुग्ण ओळखले गेले ते कोलकात्यातच. १९८३ मध्ये स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी खेड्यांतून आलेल्या माणसांच्या तळहातांवरचे खडे आणि अंगावरचे ठिपके पाहून त्याचं मूळ नळकूपाच्या पाण्यात असल्याचं ओळखलं. १९८८ पासून जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरून पाण्याचे नमुने घेऊ लागले, ते काम त्यांनी पुढे तीन दशकं सोडलं नाही. त्यानंतर पिण्याच्या पाण्याकडे सरकारचं लक्ष गेलं. नळयोजना आल्या, गाळणी यंत्रं बसली, खोल नळकूप झाले. हे सगळं हवंच होतं. शेतावरचे पंप मात्र चालूच राहिले.

म्हणून पुढची पायरी शेतावरची. बंगालमध्ये भाताचे हंगाम तीन: आउस, आमन आणि बोरो. आमन हे पावसाळ्याचं पीक, मुख्यतः पावसावर येणारं. बोरो हिवाळ्यात पेरतात, जानेवारी-फेब्रुवारीत त्याची लावणी होते आणि एप्रिल-मे महिन्यात कापणी. त्या काळात पाऊस नसतो, तेव्हा बोरो जगतो पंपावर. इथले शेतकरी उथळ नळकूपाला नुसतं ‘श्यालो’ म्हणतात. फेब्रुवारीत उत्तर चोवीस परगण्यातल्या देगंगा किंवा गायघाटा भागातून गेलं की बांधाबांधावर त्याची धडधड ऐकू येते आणि हिरव्या वाफ्यांत चकाकणारं पाणी उभं दिसतं.

या पाण्याचा हिशेब करून बघा. बोरोच्या हंगामात शेताला साधारण एक मीटर उंचीचं पाणी द्यावं लागतं असं धरू. एक हेक्टरवर एक मीटर पाणी म्हणजे एक कोटी लिटर. त्या पाण्यात लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल, तर एका हंगामात एका हेक्टरवर एक किलो आर्सेनिक ओतलं जातं. त्यातलं काही पावसाळ्यातल्या पुराने वाहून जातं, काही मातीत साठतं, आणि पुढच्या वर्षी त्यावर पुन्हा भर पडते. वीस-पंचवीस वर्षं हे चाललं की मातीचं काय होत असेल, याचा अंदाज आपणच करा.

आता रोपाकडे वळू. गव्हाच्या मानाने भातात आर्सेनिक जास्त का येतं? कारण भात पाण्यात उभा असतो. पाणी तुंबलेल्या चिखलात प्राणवायू नसतो आणि खोल गाळात घडलं तेच तिथे पुन्हा घडतं: लोहाचा थर विरघळतो, आर्सेनिक सुटतं. सुटताना ते ‘आर्सेनाइट’ या रूपात असतं. भाताला ताठ उभं राहायला सिलिका, म्हणजे वाळूतलाच एक घटक, भरपूर लागते आणि ती आत घ्यायला त्याच्या मुळांना खास वाटा असतात. आर्सेनाइट त्याच वाटांनी आत शिरतं. २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनातून हे स्पष्ट झालं. सिलिका ओढण्यात भात पटाईत, आणि त्याच गुणाचा असा तोटा होतो.

आत शिरलेल्यापैकी सगळ्यात जास्त आर्सेनिक मुळांतच राहतं. त्याहून कमी पेंढ्यात, त्याहून कमी तुसात आणि सर्वांत कमी दाण्यात. हे ऐकून बरं वाटतं, पण पेंढा गुरं खातात, आणि त्या गुरांच्या शेणाच्या गोवऱ्या चुलीत जळतात तेव्हा धुरातूनही काही भाग बाईच्या छातीत जातो. जादवपूरच्या संशोधकांनी २००७ मध्ये ही गोवऱ्यांची वाटही दाखवून दिली.

दाण्यातही ते सगळीकडे सारखं नसतं, वरच्या कोंड्यात जास्त असतं. म्हणून तब्येतीसाठी मुद्दाम ‘ब्राऊन राईस’ घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: एकाच शेतातल्या तांदळापैकी न सडलेल्यात आर्सेनिक जास्त असतं. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणारा कोडेक्स आयोगही सडलेल्या तांदळाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि न सडलेल्याला ०.३५ मिलिग्रॅम अशी वेगळी मर्यादा देतो. हे आकडे अजैविक आर्सेनिकाचे आहेत, म्हणजे कार्बनशी न जोडलेल्या, जास्त विषारी प्रकाराचे.

भाज्यांचं काय? मुर्शिदाबादमधल्या जलंगी आणि डोमकल भागातलं लोकांचं अन्न तपासलं तेव्हा बटाट्याची साल, पालेभाज्या आणि अळूची पानं यांत आर्सेनिक जास्त सापडलं. त्यावरून पालेभाजी सोडून देऊ नका. भाजीत पाण्याचाच अंश फार असतो आणि ती आपण खातो वाटीभर. भात बंगाली माणूस दोन्ही वेळा ताट भरून खातो. माती नीट धुऊन काढा आणि बटाटा सोलून घ्या, भाजीचं एवढ्यावर भागतं.

भात कापला, झोडपला, आता उकडणीकडे. बंगालमध्ये घरोघर खातात तो ‘शेद्ध चाल’, म्हणजे आपला उकडा तांदूळ. गोव्यात आणि सिंधुदुर्गात ज्यांनी तो खाल्लाय त्यांना सांगायला नको: साळी भिजवायच्या, उकडायच्या, वाळवायच्या आणि मग कांडायच्या. भिजवायला आणि उकडायला पाणी लागतं, आणि दूषित पट्ट्यातल्या गावांत ते पुन्हा त्याच नळकूपाचं असतं. दाणा ते पाणी पितो. देगंगा भागातल्या अभ्यासांत उकडल्यानंतर तांदळातलं आर्सेनिक वाढलेलं आढळलं. शेतात स्वच्छ पाण्यावर पिकलेल्या आमनच्या साळीही इथे येऊन बिघडू शकतात. या पायरीची चर्चा मला फारशी ऐकू येत नाही, आणि इथला उपाय तर शेतातल्यापेक्षा सोपा आहे: उकडणीला तळ्याचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरायचं. पाणी नाहीतरी उकळणारच असतं.

इथून तांदूळ पोत्यात भरून आडतीवर आणि तिथून शहरात. सियालदहच्या बाजूला कोले मार्केटात पहाटे चोवीस परगणा आणि नदियाकडची भाजी उतरते. तांदळाची पोती आणखी लांबून येतात. दुकानदाराला विचारलं तर तो ‘मिनिकेट’, ‘स्वर्णा’, ‘गोबिंदोभोग’ अशी नावं सांगतो, पण शेताला पाणी कुठलं होतं ते त्यालाही ठाऊक नसतं. त्यात त्याची काही चूक नाही. आपण एवढंच विचारू शकतो की तांदूळ आमनचा की बोरोचा, आणि कुठल्या जिल्ह्यातला. बीरभूम, बाँकुडा या पश्चिमेकडच्या लाल मातीच्या भागात हा गाळाचा प्रश्न नाही. तेवढंही कळलं नाही तर वरचेवर वेगवेगळा तांदूळ घ्यावा आणि आठवड्यातली काही जेवणं पोळीची करावी. मराठी घराला हे काही जड नाही.

आता स्वयंपाकघर. इथे जरा जास्त थांबायला हवं, कारण ही एक पायरी पूर्णपणे आपल्या हातात आहे.

पहिला प्रश्न तोच: कोणतं पाणी? कोलकाता महापालिकेचं नळाचं पाणी मुख्यतः हुगळी नदीतून येतं. पालता आणि गार्डन रीच इथे ते शुद्ध होतं. नदीच्या पाण्यात आर्सेनिकाचा धोका कमी, म्हणून हे पाणी भाताला उत्तम. पण शहराच्या दक्षिणेकडे आणि नव्या वसाहतींत पुष्कळ इमारतींच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळलेलं असतं. महापालिका क्षेत्रातल्या चार हजारांहून अधिक नळकूपांच्या तपासणीत साधारण सातातल्या एका नळकूपात आर्सेनिक १० मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं होतं, त्यांत दक्षिणेकडचे वॉर्ड जास्त. तेव्हा सोसायटीच्या सचिवांना सरळ विचारा, टाकीत काय भरता? महापालिकेचं, बोअरचं, की दोन्ही?

सगळ्यात नेहमीची चूक इथेच होते. प्यायला वीस लिटरचा जार किंवा फिल्टर, आणि भात, डाळ, कणीक मात्र मोरीच्या नळाच्या पाण्यात. ‘ते काय, उकळतंच ना!’ उकळल्याने जंतू मरतात. आर्सेनिक मरत नाही आणि उडूनही जात नाही. उलट पाणी आटतं तसं उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. साध्या मेणबत्तीच्या फिल्टरने, तुरटीच्या एका फेऱ्याने किंवा क्लोरीनच्या गोळीने त्यावर भरवसा ठेवण्याजोगा उपाय होत नाही. आरओ यंत्र बरंचसं काढतं, पण पडदा जुना झाला की त्याचं काम ढिलं पडतं. म्हणून यंत्रातून बाहेर आलेलं पाणीही अधूनमधून तपासून घ्यावं.

याचा हिशेब ताटावर मांडू. एक माणूस दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खातो असं समजा आणि तांदळात किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आर्सेनिक आहे. पोटात जातात ८० मायक्रोग्रॅम. हाच माणूस मर्यादेतलं, लिटरमागे १० मायक्रोग्रॅमचं पाणी तीन लिटर पितो, त्यातून जातात ३०. म्हणजे पिण्याचं पाणी सुधारल्यावर मोठा वाटा भाताचा ठरतो. आणि तोच तांदूळ लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या ८०० मिलिलिटर पाण्यात कुकरला लावला, सगळं पाणी आत मुरलं, तर आणखी ८०. एका शिट्टीत ताटातलं विष दुप्पट.

हा हिशेब नुसता कागदावरचा नाही. कोलकात्यातल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायोलॉजी आणि मँचेस्टर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम बंगालच्या गावांतल्या चारशेहून अधिक लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. पिण्याच्या पाण्यातून या लोकांना फारसं आर्सेनिक जात नव्हतं. तरी ज्यांच्या शिजवलेल्या भातात किलोमागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त होतं, त्यांच्या मूत्रमार्गातल्या पेशींत जनुकीय इजेच्या खुणा वाढलेल्या दिसल्या.

आता काकीमांची रीत, पायरीने. तांदूळ चांगल्या पाण्यात चोळून धुवा आणि पाणी नितळ येईपर्यंत ते बदलत राहा. मग तांदळाच्या सहापट चांगलं पाणी टोपात घेऊन भात उघडा शिजवा. दाणा बोटाने दाबून पाहा, शिजला की वेळा आणि पाणी पूर्ण निथळू द्या. हीच पारंपरिक पद्धत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम बंगालच्या आर्सेनिकयुक्त तांदळावर तपासली गेली आणि तिने ५७ टक्क्यांपर्यंत आर्सेनिक निघून गेलं. त्यातलं साधारण अर्धं धुण्याच्या पाण्यात गेलं, अर्धं वेळलेल्या पाण्यात. दीड-दुप्पट पाण्यात, न धुता आणि न वेळता केलेल्या भातात मात्र काही फरक पडला नाही. या प्रयोगातल्या पाण्यात लिटरमागे ३ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी आर्सेनिक होतं, ही अट विसरू नका. दूषित पाण्यात सहापट पाण्याचा भात केला, तर तांदूळच त्या पाण्यातून आर्सेनिक घेऊ शकतो.

पाणी मोजकं असेल त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे, शेफील्ड विद्यापीठाने २०२० मध्ये सुचवलेली. उकळत्या पाण्यात तांदूळ पाच मिनिटं शिजवायचा, ते पाणी ओतून टाकायचं, मग ताजं पाणी घालून मंद आचेवर मुरवायचा. त्यांच्या मोजणीत पांढऱ्या तांदळातलं ७४ टक्के आणि ब्राऊनमधलं ५४ टक्के आर्सेनिक गेलं. कुकरची सवय सुटत नसेल तर हे जमण्यासारखं आहे: पहिली पाच मिनिटं टोपात, नंतरचं कुकरमध्ये.

वेळल्याने बी गटातली काही जीवनसत्त्वंही जातात, हे खरं. ती डाळ, अंडं, मासळी, भाजी यांतून भरून काढावी लागतात. आणि निघालेली पेज पिऊ नये, लहान मुलाला तर मुळीच देऊ नये. हे लिहिताना माझा हात अडखळतो. १९४३ च्या दुष्काळात याच शहरात माणसं दारोदार ‘फॅन दाओ’, म्हणजे पेज द्या, म्हणत फिरली होती. ज्या घरांनी ती आठवण जपली आहे त्यांना फॅन ओतून द्या म्हणून सांगणं सोपं नाही. काकीमा कधीकधी ती पेज साठवून सुती साड्यांना खळ करतात. ते चालेल.

रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खातात त्या ‘पांता भाता’लाही तोच नियम, भिजवायचं पाणी चांगलं हवं. मुढी, म्हणजे चुरमुरे, उकड्या तांदळाचेच. त्यात वेळण्याची सोय नाही, म्हणून लहान मुलांचं पोट रोज चुरमुऱ्यांवरच भरू नये. मूल वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त खातं, साहजिकच त्याच्या शरीराच्या वाट्याला आर्सेनिकही जास्त येतं.

पोटात गेल्यावर काय होतं? यकृत त्याचं रूप बदलतं आणि बराचसा भाग काही दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो. रोज जेवढं जातं तेवढं निघत नाही तेव्हा, वर्षानुवर्षांनी, शरीर बोलू लागतं. छाती-पाठीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके येतात. तळहात आणि तळपाय खरखरीत होऊन त्यांवर बारीक कडक खडे उठतात. हात हातात घेतला तर वाळू चिकटल्यासारखी लागते. लोक ते कुरूप समजतात, शेतकामाचे घट्टे समजतात. काही ठिकाणी महारोग समजून घरातल्या मुलींची लग्नं अडली आहेत. आर्सेनिकाचा आजार स्पर्शाने पसरत नाही. त्वचा, मूत्राशय आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का झालेला आहे, आणि तो उशिरा उगवतो. चिलीतल्या अँटोफागास्टा शहराने १९५८ ते १९७० या काळात आर्सेनिकाचं पाणी प्यायलं. पाणी सुधारल्यावरही कर्करोगाचं वाढलेलं प्रमाण तिथे कित्येक दशकं दिसत राहिलं.

शंका असेल तर तपासणी कोणती? रक्तात आर्सेनिक फार थोडा वेळ टिकतं, म्हणून जुन्या संपर्कासाठी रक्ताचा अहवाल उपयोगाचा नाही. लघवीतून गेल्या काही दिवसांचं कळतं, नखं आणि केसांतून गेल्या काही महिन्यांचं. इथेही फसायला होतं. समुद्री मासळी आणि कोळंबीत निरुपद्रवी जैविक आर्सेनिक भरपूर असतं, ती खाऊन दुसऱ्या दिवशी लघवी तपासली की आकडा उगीच फुगतो. तपासणीआधी तीन-चार दिवस ती बंद ठेवावी. केस दूषित पाण्याने धुतले असतील तर बाहेरून चिकटलेलंही मोजलं जातं, डॉक्टरांना तसं सांगावं. आर्सेनिक उतरवणारं औषध म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका. एका प्रचलित औषधाची कोलकात्यात डॉ. गुहा मजुमदार आणि सहकाऱ्यांनी रीतसर चाचणी घेतली होती, तिचा निकाल १९९८ मध्ये आला. खोट्या गोळीपेक्षा त्या औषधाने जास्त गुण दिला नाही. संपर्क थांबवणं आणि पोटभर सकस जेवण हाच उपचाराचा पाया आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल, आपल्याकडे हे नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात गंगेच्या गाळासारखी स्थिती नाही, हे खरं, आणि यवतमाळ-चंद्रपूरकडे भूजलाचं दुखणं फ्लोराइडचं आहे. पण गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडिकसा गावात, कठीण खडकातून आलेलं आर्सेनिक १९९९ च्या सुमारास उजेडात आलं. सरहद्दीवरच्या भातखाऊ गावांनी आपल्या विहिरी आणि बोअर एकदा तपासून घ्याव्यात.

शेवटी पुन्हा शेतावर येते, कारण शहरातल्या स्वयंपाकघराने सगळं निस्तरावं हे बरोबर नाही. शेतकऱ्याला बोरो लावू नको म्हणणं सोपं असतं, पण त्याच पिकावर त्याचं वर्ष निघतं. त्याच्या हाती देण्याजोगं काही आहे. चुंचुडा इथलं भात संशोधन केंद्र आणि लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था यांनी मिळून ‘मुक्तश्री’ नावाचं वाण काढलं आहे, त्याच्या दाण्यात आर्सेनिक कमी उतरतं. जिथे जमेल तिथे बोरोच्या काही वाफ्यांत मोहरी, तीळ किंवा डाळी घेतल्या की उपसा घटतो. पावसाचं पाणी तळ्यात साठवून त्यावर एक-दोन पाळ्या दिल्या तरी त्या कोटी लिटरच्या हिशेबात फरक पडतो.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय एका नळीचा आहे. हातभर लांबीची प्लास्टिकची नळी घ्यायची, तिच्या खालच्या भागाला भोकं पाडायची आणि वाफ्यात अशी रोवायची की वरचं तोंड मातीच्या वर राहील. आतली माती काढून टाकली की नळीत जमिनीखालच्या पाण्याची पातळी दिसते. शेतात सतत पाणी उभं ठेवायचं नाही. नळीतली पातळी जमिनीखाली साधारण १५ सेंटिमीटर उतरली की मगच पंप सुरू करायचा. मधल्या दिवसांत मातीत हवा शिरते, लोहाचा थर पुन्हा जमतो आणि आर्सेनिक त्याला धरून राहतं. डिझेलही वाचतं, शेतकऱ्याला आधी तेच पटतं. दोन गोष्टी सांभाळायच्या. माती याहून जास्त सुकवली तर काही जमिनींत कॅडमियम नावाचा दुसरा घातक धातू दाण्यात वाढतो. आणि फुलोऱ्याच्या आधीचा व नंतरचा एकेक आठवडा वाफ्यात पाच सेंटिमीटर पाणी ठेवावंच लागतं, नाहीतर लोंब्या पळींज होतात.